आधी पडायला शिका : ज्युदो क्लबात नाव घालण्यापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

महाराष्ट्रात ज्युदो शिकायचा म्हटलं की तो चकचकीत जिममध्ये क्वचितच सापडतो. महापालिकेच्या शाळेचा हॉल, जुन्या व्यायामशाळेची माडी, जिल्हा क्रीडा संकुलाचा एखादा कोपरा, अशा ठिकाणी तो असतो. संध्याकाळी कुणीतरी कुलूप उघडतं, पोरं भिंतीला टेकवलेल्या मॅट ओढून आणतात, केर काढतात आणि थोड्या वेळाने धपाधप आवाज सुरू होतात. शिकवणारे सर दिवसभर नोकरी करून आलेले असतात. फी महिन्याला काही शे रुपये, आणि तीही ज्याला जमत नाही त्याला माफ. हे क्लब नोंदणीकृत संस्थांचे असतात, ते नफ्यासाठी चालत नाहीत, आणि जाहिरात तर जवळजवळ करतच नाहीत. त्यामुळे ते शोधायचे कसे, पारखायचे कसे आणि तिथे गेल्यावर वागायचं कसं, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. मी अशाच एका क्लबात लहान मुलांची बॅच सांभाळते. दारात उभे राहणारे पालक जे प्रश्न विचारतात, आणि जे विचारायला हवेत पण विचारत नाहीत, त्यांची उत्तरं इथे क्रमाने देते.

माझं मत आधीच सांगून टाकते. भिंतीवरच्या पदकांच्या फोटोंवरून क्लब निवडू नका. नव्या मुलाला तिथे पडायला किती दिवस आणि किती निगुतीने शिकवतात, त्यावरून निवडा.

खेळाबद्दल थोडंसं

जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोच्या एका बौद्ध मंदिरात, १२ तातामी म्हणजे जपानी गवती चटया मावतील एवढ्या जागेत, ज्युदो शिकवायला सुरुवात केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले जीवघेणे प्रकार बाजूला ठेवून दोघांनी पूर्ण जोर लावूनही धडधाकट घरी जावं, असा सराव त्यांनी बसवला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला, महिलांचा ज्युदो १९९२ पासून अधिकृत झाला. आपल्याकडे रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून ज्युदो शिकवायला लावला होता. म्हणजे हा खेळ भारतात काल-परवा आलेला नाही.

कुस्ती पाहिलेल्या माणसाला ज्युदो चटकन कळतो. धोबीपछाड, ढाक, टांग यांची भावंडं इथे जपानी नावांनी भेटतात. समोरच्याला पाठीवर जोरात आणि ताब्यात ठेवून पाडलं की खेळ तिथेच संपतो, अगदी चितपट केल्यासारखा. फरक दोन. अंगावर जाड सुती अंगरखा असतो आणि त्यालाच धरून सगळं चालतं. आणि उभ्याने खेळताना हाताने पाय धरता येत नाही. पट काढण्यात पटाईत असलेल्या तालमीतल्या पोरांना हा दुसरा नियम महिनोन्‌महिने जड जातो.

पहिली पायरी : क्लब शोधणं आणि पारखणं

सरळ रस्ता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जातो. शालेय क्रीडा स्पर्धा तेच भरवतात, त्यात ज्युदोही असतो, आणि जिल्ह्यातून कोणाची मुलं खेळायला येतात हे तिथे सहसा ठाऊक असतं. दुसरा रस्ता शाळेच्या पीटीच्या सरांचा. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र फार विसंबू नका. एकाच पाटीवर कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, योगा आणि ज्युदो असं सगळं लिहिलेलं दिसलं तर आत जाऊन एकच प्रश्न विचारा : ज्युदोची मॅट कुठे आहे?

कारण मॅटवरच सगळं अवलंबून आहे. कराटेच्या क्लासमध्ये एकमेकांत अडकवायच्या रंगीत चौकोनांची पातळ मॅट असते. तिच्यावर लाथ मारायला हरकत नाही, पण तिच्यावर कुणाला खांद्यावरून टाकू नये. ज्युदोची मॅट साधारण चार सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असते, आतला फोम घट्ट दाबलेला आणि वरचा पृष्ठभाग किंचित खरबरीत. टाचेने दाबून पाहा. टाच खोल रुतली तर मॅट फार मऊ आहे. अशा गादीवर वळताना पाऊल अडकतं आणि गुडघा पिळतो. टाच टणकन आपटली तर ती फार कडक. दोन मॅटच्या फटीत करंगळी जाते का तेही पाहा, कारण पायाची बोटं नेमकी तिथेच अडकून दुखावतात. कडेला उघडा खांब, कपाट किंवा भिंत फार जवळ असेल तर तिथे गादी बांधलेली हवी.

क्लब खरोखर संस्थेचा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्रात अशी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, तिला नोंदणी क्रमांक असतो आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. फी भरल्यावर संस्थेच्या नावाची छापील पावती मिळायला हवी. पैसे कुणाच्या खासगी खात्यावर जात असतील तर का, ते विचारा. चांगल्या क्लबातले लोक या प्रश्नाने रागावत नाहीत, उलट हिशेबाची वही समोर ठेवून मॅट किती महाग झाल्यात याचं गाऱ्हाणं सुरू करतात.

तिसरी गोष्ट संलग्नतेची. क्लब जिल्हा संघटनेला, जिल्हा राज्य संघटनेला आणि राज्य राष्ट्रीय महासंघाला जोडलेलं असतं. या साखळीबाहेर मिळालेला पट्टा कमरेला शोभतो, कागदावर उपयोगी पडत नाही. आपल्याकडे एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना निघण्याची खोड आहेच. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी किंवा पुढे खेळाडूंच्या आरक्षणासाठी कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, हे क्लबाला नव्हे, थेट क्रीडा कार्यालयाला विचारा. मुलगा सातवीत असतानाच विचारा. दहावीच्या फेब्रुवारीत धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

दुसरी पायरी : एक पूर्ण वर्ग नुसता बसून पाहा

नाव घालण्याआधी एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा. पालकांना बसू देत नाही असा क्लब असेल तर तिथूनच परत फिरा.

नवी मुलं कुठे आहेत ते पाहा. त्यांना कोपऱ्यात एखाद्या मोठ्या मुलाच्या हवाली करून सर स्पर्धेच्या पोरांकडे गेलेत का? तसं एखाद्या दिवशी होतं, पण रोजच होत असेल तर लक्षात ठेवा. मोकळा सराव, ज्याला रांदोरी म्हणतात, तो चालू असताना सरांची नजर मॅटवर आहे की मोबाइलवर? पंचवीस किलोच्या मुलासमोर चाळीस किलोचा उभा केलाय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्याने हाताने दोनदा थोपटून ‘सोड’ सांगितलं की समोरचा त्याच क्षणी सोडतो का? जिथे टॅप झाल्यावरही अर्धा सेकंद जास्त पिळलं जातं आणि बाकीचे हसतात, तिथे खेळ कितीही चांगला असो, मूल पाठवू नये.

मुलींच्या पालकांनी आणखी काही पाहावं. कपडे बदलायला बंद होणारी वेगळी खोली आहे का, स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का, शिकवणाऱ्यांत एखादी ताई आहे का. ज्युदोत स्पर्श अटळ आहे. जमिनीवरच्या डावांत छातीवर छाती टेकवून दाबून धरायचं असतं. हे मुलीला आणि तुम्हाला आधी सांगितलं गेलं पाहिजे, जोडीदार म्हणून मुलगी मागता आली पाहिजे, आणि ‘मला आज हा डाव नको’ म्हटलं तर कारण न विचारता मान्य झालं पाहिजे. मुलग्यांनाही हेच लागू. एकट्या मुलाला वेगळं बोलावून शिकवणं, उशिरा रात्री खासगी मेसेज, बाहेरगावच्या स्पर्धेला बाई सोबत नसताना मुलींची तुकडी नेणं, यातलं काहीही दिसलं तर ते शिस्त किंवा गुरुभक्ती म्हणून खपवून घेऊ नका. मणिपूरच्या सुशीला देवीने राष्ट्रकुल स्पर्धेत २०१४ आणि २०२२ साली रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून मुलींची चौकशी वाढली आहे. हॉलांची व्यवस्था मात्र त्या वेगाने सुधारलेली नाही.

घरात दृष्टिहीन किंवा कमी दिसणारं मूल असेल तर या खेळाचा जरूर विचार करा. त्यांच्या ज्युदोत दोघांनी एकमेकांचा अंगरखा धरूनच लढत सुरू होते, त्यामुळे पुढचं बरंचसं काम हातांना मिळणाऱ्या अंदाजावर चालतं. कपिल परमारने पॅरिसच्या २०२४ पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते पॅरा-ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक.

तिसरी पायरी : अर्ज आणि तब्येत

अर्जासोबत जन्मदाखला, आधारची प्रत, दोन फोटो एवढं लागतं. जन्मतारखेत घोळ असेल तर आत्ताच निस्तरा, कारण शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि वजनाच्या दिवशी कागदावरूनच मूल आत-बाहेर होतं.

तब्येतीचं काही लपवू नका. दमा असेल तर पंप मॅटच्या कडेला ठेवायचा आणि कुठे ठेवलाय ते सरांना दाखवायचं. फिट येण्याचा त्रास, हृदयाचा दोष, पूर्वी निखळलेला खांदा, कानाची शस्त्रक्रिया, हे लेखी द्या. चष्मा काढूनच खेळावं लागतं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून तपासून यावं आणि मानेचा, कमरेचा जुना त्रास खास सांगावा. वय आडवं येत नाही, पण विशीतल्या पोराशी पहिल्याच आठवड्यात झोंबणं मात्र आडवं येतं.

मुलाला कितव्या वर्षी घालावं? सहा-सात हे वय ठीक. त्याआधी जे शिकवतात तो खेळकर व्यायाम असतो, आणि तो चांगलाच असतो. लहान मुलांना गळा आवळायचे आणि कोपर उलटं ताणायचे डाव शिकवत नाहीत. तुमच्या सात वर्षांच्या मुलाने घरी येऊन धाकट्या बहिणीवर असला प्रयोग केला तर क्लबात जाऊन विचारा, हे कुणी दाखवलं.

चौथी पायरी : गी, पट्टा आणि नखं

पहिल्या महिन्यात गी, म्हणजे ज्युदोचा अंगरखा-पायजमा, घेऊ नका. जाड टी-शर्ट आणि चेन-बटण नसलेली ट्रॅक पँट पुरते. बऱ्याच क्लबांकडे मोठ्या झालेल्या मुलांच्या जुन्या गी असतात. मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. टिकणार असं वाटलं की साधी, हलक्या विणीची गी घ्या. कराटेचा पातळ ड्रेस चालत नाही, एका ओढीत बाही हातात येते. माप उंचीनुसार सेंटिमीटरमध्ये असतं. कापड सुती, त्यामुळे पहिल्या दोन धुण्यांत आटतं. म्हणून एक माप मोठं घ्या आणि गार पाण्यात धुवा.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये गी दोन दिवस वाळत नाही, दमट गी घातली की अंगाला वास येतो आणि मागोमाग गजकर्ण. हा त्वचारोग मॅटवर एकाकडून दुसऱ्याकडे फार लवकर पसरतो. अंगावर गोल, खाजणारा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि तो जाईपर्यंत मॅटवर उतरू नका, अगदी स्पर्धा तोंडावर असली तरी. आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्याने पावसाळ्यापुरता तरी दुसरा अंगरखा जवळ ठेवावा.

अंगरख्याची डावी बाजू नेहमी वर येते. पट्ट्याचा मध्य बेंबीखाली धरायचा, टोकं मागे नेऊन ओलांडून पुढे आणायची, वरचं टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून वर काढायचं आणि सपाट गाठ मारायची. गाठीपासून दोन्ही टोकं साधारण वीत-वीतभर लोंबावीत. मुलींनी आत पांढरा, बिनगळ्याचा टी-शर्ट घालावा. केसांना रबर, धातूची पिन नको. बांगड्या, कानातलं, अंगठी, करदोटा, गंडादोरा सगळं उतरवायचं. श्रद्धेचा प्रश्न असेल तर सरांशी बोला, पण दोऱ्यात अडकलेलं बोट मी पाहिलंय. नखं हातापायाची कापलेली. पायात चपला मॅटच्या कडेपर्यंत, मॅटवर अनवाणी, आणि संडासात अनवाणी जाऊन परत मॅटवर हे अजिबात चालणार नाही. हा एवढा एकच नियम सगळ्यांनी पाळला तरी अर्धे आजार कमी होतील.

पाचवी पायरी : पहिला महिना, म्हणजे पडणं

आत शिरताना आणि बाहेर पडताना मॅटला वाकून नमस्कार, जोडीदाराला सरावाआधी आणि नंतर नमस्कार. याला रेई म्हणतात. ‘हाजिमे’ म्हटलं की सुरू, ‘मात्ते’ म्हटलं की जिथे असाल तिथे थांबा. ‘मात्ते’ ऐकून लगेच थांबायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, पुढे ती कुणाचं तरी कोपर वाचवते.

मग उकेमी, म्हणजे पडण्याची रीत. मराठी क्लबांत सगळे ‘ब्रेकफॉल’ म्हणतात. यात घाई करणारा क्लब मला आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात उताणं झोपून. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. नजर गाठीवर असली की डोकं आपोआप जमिनीपासून वर राहतं. ‘डोकं उचल’ असं ओरडून मुलांना कळत नाही, ‘गाठ बघ’ म्हटलं की कळतं. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन एकदम बाजूला आपटायचे, तळवे खाली, हात अंगापासून थोडेच दूर. खांद्याच्या रेषेपर्यंत किंवा वर गेले की आपटण्याचा सगळा भार खांद्यावर जातो. आपटताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून पडणाऱ्या मुलाचा चेहरा लाल होतो, तो लगेच ओळखू येतो.

हे जमलं की उकिडवं बसून मागे पडणं, मग उभं राहून. कुणाचंही मूल पहिल्या आठवड्यात उभ्याने पडताना दिसलं तर मला काळजी वाटते. नंतर कुशीवर पडणं, एका हाताने आपटून. पुढे तोंडावर पडायचं तर कोपरापासून तळव्यापर्यंतचा हात टेकायचा, नुसतं मनगट नाही. शेवटी कोलांटी : उजवा पाय पुढे, उजव्या हाताची करंगळीकडची कड मॅटला टेकवून कोपर किंचित गोल, आणि अंग उजव्या खांद्यावरून तिरकं डाव्या कमरेकडे घरंगळवायचं. डोकं मॅटला लागतच नाही. शाळेत शिकलेली डोक्यावरची सरळ कोलांटी विसरायला मोठ्यांना मुलांपेक्षा जास्त दिवस लागतात.

एवढा अट्टहास का? पडताना हात टेकवून सावरायचा प्रयत्न ही माणसाची उपजत सवय आहे आणि मनगट, कोपर, गळ्याचं हाड त्यातूनच मोडतं. डोक्याचं तर आणखी गंभीर. जपानमध्ये शाळकरी मुलांच्या डोक्याच्या गंभीर दुखापतींत ओसोतो-गारी या डावाचं नाव वारंवार येतं. त्यात समोरच्याचा पाय मागून उडवतात आणि तो सरळ मागे कोसळतो. पडायला न शिकलेल्याला हा डाव कुणी मारू नये. डोकं आपटलं, चक्कर आली, उलटीसारखं झालं किंवा मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. बर्फ लावून परत उभं करायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं, आणि ते सांगतील तेव्हाच परत.

महिना, दीड महिना नुसतं पडायलाच शिकवतात म्हणून पालक कुरकुरतात. कुरकुरू द्या. रस्त्यावर दुचाकीवरून घसरून उठलेली आमची मुलं नंतर येऊन सांगतात की उपयोग झाला.

सहावी पायरी : पहिले डाव

ज्याच्यावर डाव होतो तो उके, करणारा तोरी. डावाचे तीन भाग : तोल बिघडवणं, जागा घेणं, टाकणं. नवख्याला तिसऱ्याची घाई असते. पहिला भाग नसेल तर उरलेले दोन म्हणजे नुसती उचलाउचल, आणि ज्याच्या अंगात जास्त जोर तो जिंकतो.

तोल कसा बिघडवायचा ते ओ-गोशी या कमरेवरच्या डावात नीट कळतं. डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही कोपराजवळ धरा. ओढताना मनगटावरचं घड्याळ बघतो तसा हात वळवत, करंगळी वर आणत, कोपर उचलत पुढे घ्या. तो पायाच्या चवड्यांवर आला पाहिजे. तो आला का हे त्याच्या टाचेकडे बघून नाही, तुमच्या हातावर आलेल्या वजनावरून कळतं. मग तुमचा उजवा पाय त्याच्या उजव्या पायासमोर, अंग वळवून डावा पाय मागे, उजवा हात त्याच्या कमरेभोवती. गुडघे वाकवून तुमची कंबर त्याच्या पट्ट्याच्या खाली न्या. इथे सगळे चुकतात, कंबर वरच राहते आणि मग पाठीच्या जोराने उचलावं लागतं. कंबर खाली असेल तर गुडघे सरळ केले की तो स्वतःच वर येतो. टाकताना बाही सोडायची नाही. तीच ओढून धरली की त्याचं डोकं मॅटपासून वर राहतं. जोडीदाराला सांभाळून टाकणं ही डावाचीच शेवटची पायरी आहे.

हीच आत शिरण्याची कृती न टाकता पुन्हा पुन्हा करायची, याला उचीकोमी म्हणतात. कंटाळवाणं आहे. दहा चांगल्या केलेल्या पन्नास घाईच्यांपेक्षा बऱ्या, आणि दहाव्या वेळीही कंबर खालीच गेली पाहिजे.

तालमीतून आलेल्यांचे हात आपसूक गुडघ्याकडे जातात, अंगही फार वाकलेलं असतं. त्यांना मी सुरुवातीला जमिनीवरचे डाव जास्त देते. पाठीवर दाबून ठेवण्यात त्यांचं कसब लगेच कामी येतं, हुरूप टिकतो, आणि तोवर सरळ उभं राहून खेळायची सवय लागते.

सातवी पायरी : रांदोरी

इथे मित्रही होतात आणि दुखापतीही. शक्यतो तुमच्यापेक्षा वरच्या पट्ट्याचा, वजनाने जवळचा जोडीदार मागा. ‘दादा, हलकं खेळू या’ असं सरळ म्हणायचं. दोन नवखे एकमेकांना पाडायला निघाले की दोघंही ताठ होतात, हात आडवे लावतात आणि गुडघे वेडेवाकडे वळतात. वरच्या पट्ट्याचा माणूस तुम्हाला टाकेल हे खरं, पण नीट टाकेल.

टॅप दोनदा, जोडीदाराच्या अंगावर, त्याला कळेल असा. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर, नाहीतर तोंडाने. लवकर टॅप करा. सरावात टॅप केल्याचे गुण कुणी मोजत नाही. आणि समोरून डाव बसलाय, पडणार हे नक्की झालं की पडा. शेवटच्या क्षणी हात टेकवून वाचण्याची धडपड हीच सगळ्यात महाग पडते.

बोटं सुजतात, पायाच्या अंगठ्याचं कातडं निघतं, हे चालायचंच. चिकटपट्टीचा रोल पिशवीत असू द्या. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन सूज आली, खांदा वर उचलेना, किंवा मानेतून हातात मुंग्या आल्या तर मात्र मालिशवाल्याकडे न जाता हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

सरावाआधी दीडेक तास केळं, पोळीचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे एवढं पोटात असावं. ट्यूशनमधून उपाशी येऊन मॅटवर गळून बसणारी मुलं दर आठवड्याला असतात. नंतर घरचं जेवण : भाकरी, डाळ, अंडं किंवा उसळ. पावडरच्या डब्यांची शाळकरी मुलाला गरज नाही.

आठवी पायरी : पट्टे आणि स्पर्धा

पट्ट्यांचा क्रम पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा. परीक्षेत पडणं, ठरलेले डाव दोन्ही बाजूंनी, जमिनीवरची पकड आणि जपानी नावं विचारतात. परीक्षा फी किती आणि ती कुणाकडे जाते हे आधी विचारा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांनाच पुढचा पट्टा मिळत असेल तर तो क्लब पट्टे विकतोय. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा.

पहिल्या स्पर्धेला जाण्याआधी मूल मोकळ्या सरावात न घाबरता पडतंय एवढं पुरे, जिंकायची अट नको. पूर्ण डाव पडला की इप्पोन आणि लढत संपली. त्याखाली वाझा-आरी, दोन वाझा-आरी मिळून इप्पोन. युको हा छोटा गुण २०१७ मध्ये काढला होता, तो २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत परत आलाय. त्या नियमांनुसार पाठीवर दाबून २० सेकंद धरलं तर इप्पोन, १० ला वाझा-आरी, ५ ला युको. तीन शिदो, म्हणजे तीन ताकिदी, मिळाल्या की बाद. प्रौढांची लढत चार मिनिटांची आणि बरोबरी झाली तर गुण मिळेपर्यंत पुढे चालू. तुमच्या जिल्ह्यातल्या स्पर्धेत कोणत्या वर्षाचे नियम आणि लहान गटाला किती वेळ, हे सरांकडून आदल्या आठवड्यात समजून घ्या.

वजनाबद्दल कडक बोलते. खालच्या गटात बसवण्यासाठी मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, स्वेटर घालून पळवणं हे कुणीही सुचवलं तरी नाही म्हणा. तेरा वर्षांच्या मुलाचं वाढणं जिल्ह्याच्या पदकापेक्षा मोठं आहे. जास्त वजनाच्या गटात खेळून हरलं तर हरू दे.

नववी पायरी : क्लबाचं देणं

अशा क्लबात तुम्ही नुसते गिऱ्हाईक नसता. मॅट अंथरायला पाच मिनिटं आधी या, गोळा करायला पाच मिनिटं थांबा. आठवड्यातून एकदा मॅट जंतुनाशकाने पुसायची पाळी असते, ती चुकवू नका. पालकांपैकी कुणी हिशेब लिहू शकतं, कुणी शाळेच्या मुख्याध्यापकांशी हॉलच्या भाड्याबद्दल बोलू शकतं, कुणाकडे टेम्पो असतो. लहान झालेली गी धुऊन आणून द्या. वार्षिक सभेची सूचना आली तर जा. तिथे येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि क्लब पुढच्या वर्षी चालणार की नाही हे तिथेच ठरतं. प्रशिक्षक तयार करणं हाही खर्चाचा भाग आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी नोकरीतून रजा आणि पैसे दोन्ही लागतात. क्लबाने एखाद्या तरुण खेळाडूसाठी निधी गोळा करायचं ठरवलं तर जमेल तेवढे द्या आणि पावती घ्या.

गाव बदलावं लागलं, नोकरीसाठी बंगळुरूला किंवा शिक्षणासाठी आणखी लांब, तर निघताना संस्थेकडून पट्ट्याच्या परीक्षांची तारीखवार नोंद आणि ओळखपत्र लेखी घ्या. नव्या क्लबात पहिल्या दिवशी पट्टा पिशवीत ठेवा, सरांना भेटून प्रमाणपत्रं दाखवा आणि कोणता बांधू असं विचारा. बहुतेक जण आहे तोच बांधायला सांगतात. त्या दिवशी जोडीदार निवडताना मात्र पुन्हा हलकं खेळणाराच मागा, कारण तिथल्या मॅटचा अंदाज तुम्हाला अजून आलेला नसतो.